अणूची बदलती प्रारूपे

पदार्थ अंतिमतः कशाचा बनलेला आहे, हा प्रश्न माणसाने फार प्राचीन काळी विचारला. आज शालेय क्रमिक पुस्तकात त्याचे उत्तर चार ओळींत दिलेले असते. परंतु त्या चार ओळी लिहिता येण्यास विज्ञानाला सव्वाशे वर्षे परिश्रम करावे लागले, आणि त्या अवधीत अणूचे चित्र अनेकदा बदलावे लागले. विद्यार्थी डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर ही नावे क्रमाने पाठ करतो. मात्र प्रत्येक वेळी जुने चित्र का सोडावे लागले, हे त्याला क्वचितच सांगितले जाते. प्रस्तुत लेखात आम्ही या 'का'चाच विचार करणार आहोत.

प्रारंभी एका शब्दाचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे. जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही तिच्याविषयी, उपलब्ध पुराव्याच्या आधारे केलेली आणि पुढे तपासून पाहता येईल अशी मांडणी म्हणजे प्रारूप. प्रारूप म्हणजे वस्तूचे छायाचित्र नव्हे, आणि निव्वळ कल्पनाही नव्हे. ही व्याख्या ध्यानात ठेवली म्हणजे पुढील इतिहास समजण्यास सोपा जातो.

तर्कातील परमाणू

ग्रीसमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ल्युसिपस व डेमॉक्रिटस यांनी अविभाज्य कणांची कल्पना मांडली. भारतात वैशेषिक दर्शनाने परमाणुवाद स्वीकारला. बौद्ध परंपरेतही या विषयावर सखोल चर्चा झाली. वैभाषिकांनी परमाणू मानला, परंतु तो एकटा आढळत नाही, चार महाभूते व त्यांवर आश्रित असे रूप, रस, गंध, स्पर्श मिळून किमान आठ द्रव्यांच्या समूहानेच तो आढळतो, असे त्यांचे मत होते. आचार्य वसुबंधूंनी 'विंशतिका' या ग्रंथात परमाणूच्या कल्पनेवरच आक्षेप घेतला. एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू एकाच वेळी जोडले जात असतील, तर त्याला सहा बाजू, म्हणजेच सहा भाग मानावे लागतील. मग तो निरवयव कसा? आणि सहाही परमाणू एकाच जागी असतील, तर त्यांचा समूह एका परमाणूहून मोठा होणार कसा?

हा युक्तिवाद आजही वाचकाला विचारप्रवृत्त करतो. पण येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. या सर्व चर्चेत, मग ती ग्रीकांची असो, वैशेषिकांची असो की बौद्धांची, परमाणूचे वजन कोणी केले नाही आणि त्याचे आकारमान प्रयोगाने मोजले नाही. ती तत्त्वचर्चा होती आणि तत्त्वचर्चा म्हणून ती थोर आहे. आधुनिक अणूचा शोध मात्र निराळ्या मार्गाने लागला.

तराजूचा पुरावा

जॉन डाल्टन (१७६६–१८४४) हा इंग्लंडमधील कंबरलंड परगण्यातील एका विणकराचा मुलगा. तो क्वेकर पंथीय होता. इंग्लंडच्या प्रस्थापित चर्चच्या बाहेर असलेल्यांना त्या काळी ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांत पदवी मिळत नसे. डाल्टनने बहुतांशी स्वतःच्या प्रयत्नाने ज्ञान मिळविले आणि मँचेस्टर येथे अध्यापन करीत आपला सिद्धांत रचला. १८०८ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध होऊ लागला.

त्याचा मुख्य आधार वजनांचा होता. कार्बनची दोन ऑक्साइडे आहेत. एकात ३ ग्रॅम कार्बनशी ४ ग्रॅम ऑक्सिजन संयोग पावतो, दुसऱ्यात तेवढ्याच कार्बनशी ८ ग्रॅम. साडेपाच किंवा सव्वासहा ग्रॅम ऑक्सिजन असलेले मधले संयुग मिळत नाही. प्रमाण नेमके दुप्पट का? मूलद्रव्य अखंड व सलग असते तर कोणतेही प्रमाण शक्य झाले असते. ते सुट्या कणांचे असेल, तर एका कार्बन अणूशी एक किंवा दोन ऑक्सिजन अणू जोडले जातील, दीड नव्हे. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू एकसारखे असतात आणि त्यांचे वजन ठरावीक असते, हे डाल्टनचे प्रारूप असे उभे राहिले. त्याचा अणू एक भरीव, अभेद्य गोळा होता.

या प्रारूपात उणिवाही होत्या. पाण्यात हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एक अणू असतो, असे डाल्टनने गृहीत धरले होते, आणि त्यामुळे त्याची अणुभारांची कोष्टके चुकली. अवोगाद्रोने १८११ मध्ये सुचविलेला योग्य मार्ग जवळजवळ पन्नास वर्षे दुर्लक्षित राहिला. १८६० मध्ये कार्ल्सरूह येथील परिषदेत कानिझारो याने त्याचे महत्त्व पटवून दिले, तेव्हा हा गोंधळ दूर होण्यास आरंभ झाला.

अणू खरोखर आहे काय?

आज आश्चर्य वाटेल, पण विसाव्या शतकाच्या आरंभीही काही नामवंत शास्त्रज्ञ अणूचे अस्तित्व मान्य करीत नव्हते. अणू हे गणिताच्या सोयीसाठी वापरलेले साधन आहे, ते वास्तव मानण्यास पुरावा नाही, असे अर्न्स्ट माख व विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांचे म्हणणे होते. अणुवादाचा खंदा पुरस्कर्ता लुडविग बोल्टझमन १९०६ मध्ये मरण पावला, तेव्हाही हा वाद मिटला नव्हता.

तो मिटविला पाण्यातील कणांच्या थरथरीने. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण अखंड वेडेवाकडे हलत असतात, हे रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये पाहिले होते. पाण्याचे अदृश्य रेणू या कणांवर चोहोबाजूंनी आदळत असले पाहिजेत, हे गृहीत धरून आइन्स्टाइनने १९०५ मध्ये त्या हालचालीचे गणित मांडले. जाँ पेरँ याने राळेचे सूक्ष्म कण पाण्यात सोडून, सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजून ते गणित पडताळले. अनेक परस्परभिन्न रीतींनी काढलेली रेणूंची संख्या जवळपास एकच आली. या पुराव्यापुढे ऑस्टवाल्डने १९०९ मध्ये आपला विरोध जाहीरपणे मागे घेतला. आयुष्यभर जोपासलेले मत पुराव्यासमोर सोडणे, यात पराभव नाही. विज्ञानाचा व्यवहारच त्यावर चालतो.

अविभाज्याचे विभाजन

अणू वास्तव आहे, हे ठरण्यापूर्वीच तो अविभाज्य नाही हे दिसू लागले होते. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन याने १८९७ मध्ये, जवळजवळ निर्वात केलेल्या काचेच्या नळीतून वीज जाऊ देऊन निघणाऱ्या ऋण किरणांचा अभ्यास केला. नळीतील वायू बदलला, पट्टीचा धातू बदलला, तरी किरणांतील कणांचे वस्तुमान व विद्युत्प्रभार यांचे गुणोत्तर तेच राहिले. याचा अर्थ, हा कण सर्व पदार्थांना समान असला पाहिजे. तोच इलेक्ट्रॉन. त्याचे वस्तुमान हायड्रोजन अणूच्या सुमारे १/१८३७ आहे, हे आज निश्चित झाले आहे.

अणू एकंदरीत विद्युत्दृष्ट्या उदासीन असतो. म्हणून ऋण इलेक्ट्रॉनांना तोलणारा धन प्रभार त्यात असलाच पाहिजे. १९०४ मध्ये थॉमसनने प्रारूप मांडले : धन प्रभार अणूभर सारखा पसरलेला आहे आणि इलेक्ट्रॉन त्यात रुतलेले आहेत, कलिंगडाच्या गरात बिया असाव्यात तसे. त्याच वर्षी जपानमध्ये हान्तारो नागाओका याने मध्यभागी मोठा धन प्रभार व भोवती शनीच्या कड्यांप्रमाणे फिरणारे इलेक्ट्रॉन, असे निराळे प्रारूप सुचविले. परंतु अशी कडी स्थिर कशी राहतील, या आक्षेपाचे समाधान त्याला करता आले नाही.

सोन्याचा वर्ख

न्यूझीलंडमधील शेतकरी कुटुंबातून आलेला अर्नेस्ट रदरफोर्ड हा थॉमसनचाच विद्यार्थी. मँचेस्टर येथे त्याच्या प्रयोगशाळेत हान्स गायगर आणि विशीतील विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन हे अल्फा कणांचे प्रयोग करीत होते. किरणोत्सारी पदार्थांतून प्रचंड वेगाने बाहेर पडणारे हे धन प्रभारित कण सोन्याच्या अत्यंत पातळ वर्खातून पाठवायचे आणि ते कोणत्या दिशेला जातात ते पाहायचे. झिंक सल्फाइडच्या पडद्यावर कण आदळला की क्षणभर ठिणगी चमके. अंधारात बसून, सूक्ष्मदर्शकातून या ठिणग्या डोळ्यांनी मोजाव्या लागत.

थॉमसनचे प्रारूप खरे असेल, तर काय व्हावयास हवे होते? अल्फा कण इलेक्ट्रॉनच्या ७,००० पटींहून अधिक जड असतो, म्हणजे इलेक्ट्रॉन त्याला हटविणार नाही. पसरलेला धन प्रभार विरळ असल्याने तोही त्याला फारसा वळवू शकणार नाही. बहुतेक कण सरळ पार गेलेही. परंतु १९०९ मध्ये असे आढळले की जड धातूवर आदळणाऱ्या सुमारे ८,००० कणांपैकी एखादा चक्क मागे फिरतो. संख्या अल्प होती, पण थॉमसनच्या प्रारूपात तिला जागाच नव्हती.

रदरफोर्डने १९११ मध्ये अनुमान मांडले की अणूचा सर्व धन प्रभार आणि जवळजवळ सर्व वस्तुमान एका अतिसूक्ष्म केंद्रकात एकवटलेले असले पाहिजे. सोन्याच्या अणूचे केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढे कल्पिले, तर तो अणू सुमारे ८० मीटर व्यासाचा होईल. बहुतेक कण या पोकळीतून जातात. क्वचित एखादा केंद्रकाच्या अगदी जवळ येतो आणि फेकला जातो. कोणत्या कोनात किती कण वळतील याचे सूत्रही त्याने दिले. १९१३ मध्ये गायगर व मार्सडेन यांनी ते मोजून पाहिले आणि सूत्र खरे ठरले. विद्यार्थ्याने गुरूचे प्रारूप मोडले. पण गुरूचा इलेक्ट्रॉन मात्र नव्या प्रारूपात कायम राहिला.

वर्णपटाची साक्ष

नागाओकाला अडविणारी अडचण रदरफोर्डलाही चुकली नाही. फिरणारा इलेक्ट्रॉन प्रचलित भौतिकीनुसार सतत ऊर्जा गमावील आणि सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी काळात केंद्रकात कोसळेल. मग जग टिकून कसे आहे? १९१३ मध्ये नील्स बोर याने उत्तर दिले की इलेक्ट्रॉन केवळ ठरावीक ऊर्जेच्या कक्षांतच राहू शकतो, आणि एका कक्षेतून दुसऱ्या कक्षेत जाताना ऊर्जेतील फरकाएवढा प्रकाश सोडतो किंवा घेतो. बाझेल येथील शिक्षक योहान बाल्मर याने १८८५ मध्ये हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांचे एक सूत्र शोधले होते. ते का लागू पडते, हे अठ्ठावीस वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. बोरच्या प्रारूपातून ते सूत्र आपोआप निघाले.

या प्रारूपाचा एक मोठा उपयोग भारतात झाला. ढाक्याजवळील खेड्यात एका लहान दुकानदाराच्या घरी जन्मलेल्या आणि विद्यार्थिदशेत जातिभेदाचा जाच सोसलेल्या मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये आयनीभवनाचे समीकरण मांडले. तापमान वाढले की अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि वर्णपट बदलतो. ताऱ्यांच्या वर्णपटांतील भेद मुख्यतः तापमानामुळे आहेत, हे त्यातून उलगडले. 'हे सर्व वेदांत आहेच' असे म्हणणाऱ्यांचा साहांनी पुढे आपल्या लेखनात परखड समाचार घेतला.

कक्षेकडून संभाव्यतेकडे

बोरचे प्रारूप हेलियमपाशीच अडले. १९२४ मध्ये लुई द ब्रॉग्ली याने कणांनाही तरंगधर्म असतो असे सुचविले, आणि १९२७ मध्ये अमेरिकेत डेव्हिसन व जर्मर यांनी, तर ब्रिटनमध्ये जी. पी. थॉमसन याने ते प्रयोगाने दाखविले. जी. पी. थॉमसन हा जे. जे. थॉमसनचा मुलगा. पित्याने इलेक्ट्रॉन कण आहे हे दाखविले, पुत्राने तो तरंगही आहे हे दाखविले, आणि दोघेही नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. दरम्यान हायझेनबर्गने १९२५ मध्ये व श्रोडिंगरने १९२६ मध्ये नवी पुंजयामिकी उभारली. तिच्यात इलेक्ट्रॉनची ठरलेली वाट नाही. तो कोठे आढळण्याचा संभव किती, एवढेच सांगता येते. १९३२ मध्ये चॅडविकने केंद्रकातील न्यूट्रॉन शोधला. १९६८ पासून अमेरिकेत वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा करून झालेल्या प्रयोगांनी प्रोटॉनच्या आतही सूक्ष्मतर घटक असल्याचे दाखविले. रीत रदरफोर्डचीच होती, आघात करून आतील रचना ओळखण्याची.

निष्कर्ष

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, प्रारूप बदलले म्हणजे पूर्वीचे सर्व ज्ञान खोटे ठरले, असे नव्हे. डाल्टनच्या वजनांच्या प्रमाणावर आजही रसायनशास्त्र चालते, रदरफोर्डचे केंद्रक जागेवर आहे आणि बोरच्या ऊर्जापातळ्या पुंजयामिकीतही टिकून आहेत. नव्या प्रारूपाला जुन्याने उलगडलेले सर्व उलगडून दाखवावे लागते आणि त्यापलीकडेही जावे लागते. 'विज्ञान रोज बदलते, मग त्यावर विश्वास का ठेवावा?' या आक्षेपाला हेच उत्तर आहे.

दुसरी गोष्ट आपणा सर्वांना लागू आहे. नवा शोध लागला की तो आपल्या प्राचीन ग्रंथांत शोधून काढण्याची आपल्याकडे सवय आहे. बौद्ध अभ्यासकही तीपासून मुक्त नाहीत; अनित्यतेच्या सिद्धांतात पुंजयामिकी पाहणारे लेखन वेळोवेळी होत असते. आमच्या मते यात विज्ञानाचाही सन्मान नाही आणि धम्माचाही नाही. दुःख, त्याचे कारण आणि त्याचा निरोध हा अनित्यतेच्या विचाराचा विषय आहे. हायड्रोजनच्या वर्णरेषा हा नव्हे. वसुबंधूंचा आक्षेप वसुबंधूंचा म्हणूनच वाचावा, आणि रदरफोर्डचे सूत्र मोजलेल्या ठिणग्यांच्या आधारे स्वीकारावे. आपल्या मुलामुलींनी अणूचे चित्र वहीत काढले, तर 'हे चित्र कोणी काढले?' एवढ्यावर थांबू नये; 'हे कशावरून?' असेही त्यांना विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता आले, त्यालाच अणू समजला.