औंधचे श्री भवानी वस्तुसंग्रहालय

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात औंध हे गाव वसलेले आहे. यमाईदेवीचे मूळपीठ म्हणून ते महाराष्ट्रास परिचित आहे. पौषातील यात्रेस येणारा भाविक डोंगर चढू लागला म्हणजे देवालयास पोहोचण्यापूर्वीच त्याच्या वाटेवर एक वास्तू लागते. हेच श्री भवानी वस्तुसंग्रहालय होय. राजा रविवर्मा यांच्या मूळ तैलचित्रांपासून विख्यात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांच्या ‘माता आणि बालक’ या शिल्पापर्यंत अनेक मौलिक कलाकृती एखाद्या महानगरात नव्हे, तर अवर्षणप्रवण भागातील एका लहानशा गावात जतन केल्या जाव्यात, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे.

कलावंत संस्थानाधिपती

या संग्रहालयाचे संस्थापक श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे १९०९ मध्ये औंधच्या गादीवर आले. सुमारे ७२ गावांचे हे संस्थान विस्ताराने आणि उत्पन्नाने बेताचेच होते. परंतु सूर्यनमस्काराचा प्रसार, शिक्षण आणि उद्योगांना उत्तेजन यांमुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले. किर्लोस्करांचा कारखाना १९१० मध्ये याच संस्थानाच्या माळरानावर उभा राहिला. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. त्यांच्या रामायणावरील चित्रांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठीही त्यांनी चित्रे काढली. वेरूळ आणि अजिंठा येथील लेण्यांवर त्यांनी लिहिलेली पुस्तके अनुक्रमे १९२९ व १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली.

संग्रहालयाची इमारत १९३८ मध्ये पूर्ण झाली. त्याच वर्षी बाळासाहेबांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविण्याचा निर्णय जाहीर केला आणि १९३९ मध्ये महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने तयार झालेली राज्यघटना औंधात अमलात आली. सत्ता लोकांची आणि कलासंपत्तीही लोकांचीच, या एकाच विचाराची ही दोन रूपे होती, असे म्हणता येईल. राजवाड्याच्या भिंतींवर मोजक्या पाहुण्यांसाठी राहिली असती, ती चित्रे या निर्णयामुळे सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीस पडली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. आज हे संग्रहालय राज्य शासनाच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीत आहे.

संग्रहाचे स्वरूप

रविवर्मा यांची ‘सैरंध्री’ व ‘दमयंती’ ही चित्रे येथील प्रमुख आकर्षणे आहेत. रावबहादूर म. वि. धुरंधर यांच्यासारख्या मुंबईच्या कलापरंपरेतील चित्रकारांची कामे आणि बंगाल शैलीतील चित्रे येथे एकाच छताखाली पाहावयास मिळतात. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतीय चित्रकलेने पाश्चात्त्य वास्तवदर्शनाकडून स्वत्वाच्या शोधाकडे केलेला प्रवास अभ्यासकास सहज उमगतो. लघुचित्रांच्या विभागात पहाडी शैलीतील ‘किरातार्जुनीय’ चित्रमालिका विशेष मोलाची मानली जाते. युरोपीय चित्रे, संगमरवरी शिल्पे, चंदनावरील आणि हस्तिदंतावरील कोरीव काम यांचीही जोड या संग्रहास लाभली आहे.

प्रकाश : मित्र आणि शत्रू

चित्रे दिवसाच्या नैसर्गिक उजेडात पाहावीत, हा विचार या इमारतीच्या रचनेतच आहे. चित्रकाराच्या नजरेने केलेली ही योजना प्रेक्षकास सुखावते. तथापि, संग्रहालयशास्त्राच्या दृष्टीने येथेच खरा प्रश्न उभा राहतो. ज्या प्रकाशामुळे चित्र दिसते, तोच प्रकाश त्याचा रंग हळूहळू हिरावून घेत असतो. लाखेपासून काढलेल्या तांबड्या रंगासारखे सेंद्रिय रंग त्यास लवकर बळी पडतात. गेरूसारखे खनिज रंग त्या मानाने टिकाऊ असतात. प्रखर उन्हाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. उलट, कागदावरील चित्रांसाठी सुमारे ५० लक्स आणि तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्स ही मर्यादा सर्वसाधारणपणे सुरक्षित मानली जाते.

प्रकाशाने होणारी हानी साठत जाते. ५०० लक्स प्रकाशात एक तास राहिलेल्या चित्रावर जेवढा प्रकाश पडतो, तेवढाच ५० लक्समध्ये दहा तास राहिलेल्या चित्रावर पडतो. एकदा उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणूनच जगभरातील संग्रहालये लघुचित्रे कायमची टांगून न ठेवता पाळीपाळीने प्रदर्शित करतात आणि उरलेला काळ ती अंधाऱ्या, कोरड्या कपाटांत विसावतात. एखाद्या प्रेक्षकास दालनात ऐकून माहीत असलेले चित्र दिसले नाही, तर ते दडवून ठेवले आहे असा समज करून घेण्याचे कारण नाही. पुढील पिढीला ते दिसावे, यासाठीच त्यास विश्रांती दिलेली असते.

हवामानाचेही तसेच आहे. खटाव तालुक्यातील कोरडा उन्हाळा आणि पावसाळ्यातील दमटपणा यांच्यात मोठी तफावत असते. हस्तिदंत व लाकूड ओलाव्याने फुगते आणि कोरड्या हवेत आकुंचन पावते. या हेलकाव्यांनी त्यास तडे जातात. कॅनव्हास सैल व ताठ होत राहिल्याने तैलरंगाचा थर भेगाळतो. सतत दमट राहिलेल्या कागदावर बुरशी धरते. यास्तव हवेतील आर्द्रतेची नियमित नोंद, प्रत्येक वस्तूच्या स्थितीचा लेखी तपशील आणि वेळीच केलेली तपासणी ही कामे प्रदर्शनाइतकीच महत्त्वाची ठरतात. ती प्रेक्षकास दिसत नाहीत, परंतु संग्रहालयाचे आयुष्य त्यांवरच अवलंबून असते.

गावातच का?

एवढा मौल्यवान संग्रह मोठ्या शहरात हलविल्यास त्याची देखभाल अधिक सुलभ होईल, असा युक्तिवाद करता येण्याजोगा आहे. परंतु तसे केल्यास संस्थापकाचा मूळ हेतूच लोपेल. शहरातील कलादालनात बहुधा मुद्दाम चित्रे पाहण्यासाठी निघालेला मनुष्य जातो. औंधला मात्र देवदर्शनास निघालेला शेतकरी, सहलीला आलेली शाळकरी मुलगी किंवा माहेरवाशीण सहजगत्या रविवर्मांच्या दमयंतीसमोर येऊन उभी राहते. कलेशी होणारी अशी अनपेक्षित भेट कोणत्याही महानगरीय दालनास घडविता येणार नाही. तेव्हा संग्रह तज्ज्ञांपाशी नेण्याऐवजी तज्ज्ञांचे ज्ञान आणि साधने संग्रहापाशी आणणे, हाच श्रेयस्कर मार्ग होय.

प्रेक्षकांचा वाटाही यात थोडा नाही. चित्रांना व शिल्पांना हात न लावणे, दिव्याचा झोत त्यांवर न टाकणे आणि मुलांना घाई न करता एका चित्रापुढे काही क्षण थांबू देणे, एवढे प्रत्येकास करता येण्यासारखे आहे. बाळासाहेबांनी हा ठेवा लोकांच्या स्वाधीन केला, तेव्हा त्याच्या रक्षणाची जबाबदारीही लोकांकडेच आली.