कलणाऱ्या चाकाचा टायर

पाथर्डी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून पहाटेच्या अंधारात निघून, मोटारसायकलीच्या दोन्ही अंगांना चाळीस-चाळीस लिटरांचे कॅन लटकावून करंजीचा घाट उतरणारा दूधवाला ज्याने पाहिला असेल, त्याला त्या गाडीच्या मागच्या टायराविषयी कणव वाटल्याखेरीज राहणार नाही. नुसत्या दुधाचेच वजन ऐंशी किलोंहून अधिक, कॅन आणि स्वार निराळे, आणि या भाराचा मोठा हिस्सा मागच्या चाकावर. तेव्हा टायरची नक्षी मधोमध झिजून थोड्याच काळात त्याचा गोटा व्हावा यात नवल नाही. अशा वेळी पंक्चरच्या दुकानाबाहेर रचून ठेवलेल्या मोटारीच्या रुंद, जाड टायरांकडे पाहून, यांतलाच एक मागे चढवला तर, असे एखाद्याच्या मनात आल्यास त्याला हसण्याचे कारण नाही.

कारण जगात असे करणारे लोक आहेत. होंडा कंपनीच्या ‘गोल्डविंग’ या अवजड गाडीवरून हजारो किलोमीटरांचा प्रवास करणारे अमेरिकेतले काही स्वार मूळच्या १८०/६० मापाच्या सोळा इंची टायराच्या जागी मोटारीचा १९५/५५ मापाचा टायर बसवतात, आणि या प्रघाताला आपसांत ‘अंधाऱ्या बाजूला जाणे’ असे म्हणतात. मोटारीच्या टायराचे रबर कठीण आणि नक्षी खोल असल्यामुळे तो पुष्कळ अधिक काळ टिकतो, व सरळ सपाट महामार्गावर त्याची जमिनीवरची पकडही रुंद असते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे.

परंतु रस्ता सरळ असेतोवरच ते पुरेसे आहे. चारचाकी वाहन वळताना आपली चाके जवळजवळ उभीच ठेवते. मोटारसायकल मात्र अंग कलते केल्यावाचून वळूच शकत नाही. वीस मीटर त्रिज्येचे वळण ताशी चाळीस किलोमीटर वेगाने घ्यावयाचे, तर गाडी आणि स्वार मिळून सुमारे बत्तीस अंशांनी कलावे लागते. हा निसर्गाचा हिशेब आहे, त्यात सवलत नाही. म्हणूनच मोटारसायकलीच्या टायराचा छेद कमानीसारखा गोल घडवलेला असतो, की गाडी कितीही कलली तरी त्या कमानीचा कोणता ना कोणता भाग तितक्याच निश्चिंतपणे जमिनीला टेकलेला राहावा. मोटारीचा टायर तळाशी सपाट आणि कडांशी जवळजवळ चौकोनी. गाडी कलू लागताच त्याची एक बाजू उचलू पाहते, सारा भार दुसऱ्या कडेवर जातो, आणि ती कड गाडीला पुन्हा उभी करण्यासाठी झगडू लागते. स्वाराला वळण संपेपर्यंत हँडल दाबून धरावे लागते. साईडपट्टीवरून डांबरावर चढताना किंवा चाकोरी पडलेल्या रस्त्यावर हाच सपाटपणा गाडीला भलतीकडे ओढतो.

ऊसतोडीच्या हंगामात प्रवरेच्या काठच्या कारखान्यांकडे निघालेल्या बैलांच्या टायरगाड्या मी लहानपणापासून पाहत आलो आहे. मोठ्या वाहनांचे रबरी टायर त्या गाड्यांना किती उत्तम शोभतात! पण बैलगाडी वळणावर कलत नाही. बाजूला जोडगाडी (साईडकार) लावलेली मोटारसायकलही कलत नाही, आणि म्हणून परदेशी तशा गाड्यांच्या मागच्या चाकाला मोटारीचा टायर लावण्यात फारशी हरकत मानीत नाहीत.

आता बळकटीविषयी. मोटारसायकलीच्या साध्या ३.००-१८ मापाच्या टायरावर ५२ हा भारांक छापलेला आढळतो, त्याचा अर्थ दोनशे किलो; छोट्या मोटारीच्या १४५/८० बारा इंची टायरावर ७४, म्हणजे पावणेचारशे किलो. हे आकडे मोहात पाडणारे आहेत खरे. परंतु टायर बदलल्याने रिम, आऱ्या आणि शॉकॲब्सॉर्बर यांची ताकद तसूभरही वाढत नाही. शिवाय आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांची चाके सतरा-अठरा इंची व अरुंद. तेथे चेन आणि चिमटा यांच्या मधल्या जागेत मोटारीचा टायर शिरतच नाही. ‘ॲव्हेंजर’सारख्या पंधरा इंची मागच्या चाकाच्या गाडीवर तो चढवण्याचा विचार संभवतो, पण मोटारीच्या आणि मोटारसायकलीच्या रिमची कड एकाच घडणीची नसते, आणि टायर जागेवर बसवण्यासाठी बेसुमार हवा भरल्यास कडेची तार तुटून भयंकर अपघात होऊ शकतो.

कायद्याचीही या बाबतीत उदासीनता नाही. दुचाकी-तिचाकींच्या टायरांसाठी भारतीय मानक १५६२७ आणि प्रवासी मोटारींच्या टायरांसाठी १५६३३, अशी दोन निराळी मानके आहेत. आणि केंद्रीय मोटार वाहन नियमावलीच्या १२६ व्या नियमात ज्या संस्थांना नव्या वाहनांच्या परीक्षणाचा अधिकार दिला आहे, त्यांत आपल्या नगरचीच, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आहे. वाहन तपासून दाखला दिला जातो तो त्याच्या ठरलेल्या टायरांसह, हे ध्यानात घ्यावे.

दूधवाल्याच्या अडचणीवर उपाय आहे, आणि तो मोटारसायकलीच्याच जातीच्या टायरात आहे. त्याच मापात अधिक भारांकाचा टायर मिळतो, तो घ्यावा. दोन माणसांच्या भारासाठी कंपनीने सांगितलेली हवा दर आठवड्यास, टायर थंड असताना, मोजून भरावी. आणि नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे दुचाकीसाठी नियमाने ठरवलेल्या किमान मर्यादेपर्यंत, उतरण्याची वाट न पाहता पावसाळ्याच्या तोंडी टायर बदलावा. एक कॅन कमी नेता आला तर फार बरे. पण ज्या घरचा संसार त्या दुसऱ्या कॅनवर चालतो त्या घराला हे सांगताना माझी जीभ अडखळते, म्हणून निदान टायराच्या खर्चात त्याने काटकसर करू नये, एवढेच मी आग्रहाने सांगेन.