इंजिन बसतं, वायरी बसत नाहीत

कळमनुरीत हिंगोली-नांदेड रस्त्याच्या कडेला एक मारुती ८०० दिसली, एमएच-२२ नंबरची. एमएच-२२ म्हणजे परभणी. १ मे १९९९ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, मग एमएच-३८ आलं. ही त्याआधीची गाडी. डिसेंबरच्या सकाळी चोक न ओढता ती पहिल्याच सेल्फला सुरू झाली. कार्बोरेटरची गाडी थंडीत अशी उठत नाही. चौकशी केली तर आत अल्टोचं इंजिन! ज्या मिस्त्रींनी ते बसवलं त्यांच्याकडे तसलंच दुसरं काम चालू होतं. एका निवृत्त गुरुजींची १९९७ची गाडी. मी तिथेच स्टूल ओढलं.

जुनं इंजिन चेनकप्प्यावर काढणं आणि नवं उतरवणं दुपारपर्यंत उरकलं. दोन्ही एकाच घराण्यातली, ७९६ सीसी, तीन सिलिंडरची. मला वाटलं, संपलं काम. मिस्त्री हसले. “इंजिन बसतंय हो सर. वायरी बसत नाहीत.”

भंगारातल्या अल्टोचं अख्खं वायरिंग गोणपाटावर पसरलेलं. जुन्या गाडीला वायर लागते ती दिवे, हॉर्न, सेल्फ आणि ठिणगीपुरती. इथे आत येणाऱ्या हवेचा दाब, पाण्याची उष्णता, ॲक्सिलरेटर किती दाबला, हे सगळं सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवतात. मग इंजेक्टर किती हजारांश सेकंद उघडायचा, ते ईसीएम ठरवतो. एक अर्थिंग ढिलं राहिलं की तो चुकीचं ऐकतो आणि चुकीचंच पेट्रोल सोडतो. नंतरच्या मॉडेलांत तर चोरी टाळायला ईसीएम चावीशी बांधलेला असतो. भंगारवाल्यानं चावी हरवली, तर ईसीएम नुसता डबा. मिस्त्री आधी चावी मागतात, मग इंजिन बघतात.

पण त्यांचा खरा जीव पेट्रोलच्या पाइपात. “तीन बार,” ते पुन्हापुन्हा सांगत होते. जुना पंप इंजिनच्या कॅमवर चालतो. कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचवलं की त्याचं काम झालं. इंजेक्टरला साधारण तीन बार दाब लागतो, मोटारीच्या टायरातल्या हवेच्या दीडपट. त्यासाठी विजेवरचा पंप हवा. हाताखालच्या पोरानं एका जोडाला जुनाच रबरी पाइप चढवला. एरवी मऊ बोलणाऱ्या मिस्त्रींनी तो उपटून रस्त्यापलीकडे भिरकावला. “तीन बार हाय त्यात! फुटला तर गरम सायलेन्सरवर फवारा.”

संध्याकाळी चावी फिरवली. सेल्फ मारला नाही, फक्त चावी. मागच्या सीटखाली पंप दोनेक सेकंद गुणगुणला आणि थांबला. मिस्त्री टाकीपासून इंजिनपर्यंत एकेका जोडाला नाक लावत सरकले. वास नाही. पुन्हा चावी, पुन्हा नाक. ईसीएममधले दोष वाचणारा स्कॅनर शेजारी पडलेला होता. पण पेट्रोल गळतंय का, हे त्याला कुठून कळणार? मला या माणसाच्या कामाबद्दल शंका उरली नाही.

शंका राहिली ती इंजिनच्या धुराबद्दल. अल्टोच्या सायलेन्सरला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर होता. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम असतं, म्हणून भंगारात सगळ्यात आधी तोच विकला जातो. तेव्हा इंजिन आलं कॉम्प्युटरचं आणि त्याचा धूर मात्र १९९७च्याच सायलेन्सरमधून जाणार. ‘सुधारणा’ म्हणायला माझी जीभ जरा अडखळते. गाडी तरतरीत होईल, हे मान्य.

आणि कागद? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे इंजिन बदलाची नोंद आरटीओकडे करून घ्यावी लागते, आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यावा लागतो. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, तेव्हा गाडी तपासणीला न्यायची.

“इंजिनचं बिल घेतलंत का?” मी गुरुजींना विचारलं.

गुरुजींनी मिस्त्रींकडे पाहिलं.

“२०२७ला हाय की तपासणी,” मिस्त्री म्हणाले. “गुरुजी, सेल्फ मारा.”