कृष्णविवरांचा शोध आणि विदेची रुजवात

कृष्णविवरांच्या अभ्यासाचा आढावा घ्यावयाचा, तर १० एप्रिल २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या एम ८७ दीर्घिकेतील कृष्णविवराच्या प्रतिमेचा उल्लेख अपरिहार्यच होय. परंतु तिची कीर्ती यथेच्छ गायिली गेली असल्याने, माझे आयुष्य ज्या विद्येत गेले, त्या गुरुत्वीय लहरींच्या विदाविश्लेषणाकडे मी वळतो.

या विद्येच्या पायाभरणीत आपल्या लोकांचा वाटा मोठा आहे. क्षोभित कृष्णविवराची कंपने कशी विरत जातात, हे विश्वेश्वरांनी १९७० साली दाखविले; बाला अय्यर यांनी परस्परांभोवती फिरणाऱ्या जोडताऱ्यांच्या लहरींचे सूक्ष्म गणित मांडण्यात भाग घेतला; आणि अपेक्षित लहरींचे नमुने अगोदरच सिद्ध करून, उपकरणाचा गोंगाट ज्या कंप्रतेवर अधिक तिथल्या विदेचा भार कमी धरीत, एकेक नमुना तिच्याशी ताडून पाहावयाचा झाल्यास ते किती व कोणते असावेत, याचा विचार संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी १९९१ साली, लायगो या अमेरिकेतील गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेची उभारणीही सुरू झाली नव्हती तेव्हा, केला.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी सापडलेला पहिला संकेत कोणत्याही नमुन्यावाचून चालणाऱ्या शोधपद्धतीला प्रथम गवसला, असा दाखला देऊन नमुन्यांचे महत्त्व कमी लेखणारे पंडित आहेत. घटना खरी आहे. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. सुमारे अडीच लाख नमुन्यांशी रुजवात घातल्यावरच त्या संकेताची सर्वाधिक खात्री पटली, आणि सूर्याच्या सुमारे ३६ व २९ पट वस्तुमानांची कृष्णविवरे एकरूप झाली, हेही सिद्धान्ताने दिलेल्या तरंगरूपांच्या साहाय्यानेच ठरले. लायगोच्या हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील दोन उपकरणांपैकी पहिल्याची विदा दुसऱ्याच्या विदेवर मुद्दाम मागेपुढे सरकवून निव्वळ योगायोगाने किती जुळण्या होतात हे मोजण्याची जी रीत आहे, तिच्याइतकी प्रामाणिक उलटतपासणी मी अन्य शास्त्रांत क्वचितच पाहिली.

आमच्या उमेदीच्या काळी गोंगाटाचे आलेख कागदावर काढून ते भिंतीवर लावण्याची आणि त्यांवर तासन् तास वाद घालण्याची प्रथा होती. आज तयार आज्ञावलीत विदा घालून न्यूरल नेटवर्कचा निवाडा शिरसावंद्य मानणारे विद्यार्थी भेटतात, तेव्हा मन विषण्ण होते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी लिव्हिंग्स्टनच्या विदेत नेमका संकेताच्याच वेळी उपकरणाचा एक खरखराट मिसळल्याने स्वयंचलित छाननीने तेथील नोंद वगळली होती. माणसांनी आलेख डोळ्यांखालून घातला, म्हणूनच न्यूट्रॉन ताऱ्यांच्या त्या मीलनाची रेषा त्यांना स्पष्ट दिसली.

नव्या यंत्रविद्येशी माझे वैर नाही. लक्षावधी नोंदींची प्राथमिक प्रतवारी तिने खुशाल करावी. परंतु हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाच्या उभारणीला २०२३ साली केंद्र सरकारची अंतिम मंजुरी मिळाली असता, त्या वेधशाळेसाठी आज्ञावली चालविणारे हात तेवढे तयार करून भागणार नाही. भूकंपलहरी, लेझरचा पुंजगोंगाट आणि आरशांची औष्णिक कंपने यांची ओळख पटलेले विश्लेषक आपल्या विद्यापीठांनी आतापासूनच घडविले पाहिजेत.