क्रीडासंस्थेचें संग्रहालय

ढाली आणि चषक विजयाची साक्ष देतात. परंतु तो विजय कोणत्या परिश्रमांतून निपजला, हें ते सांगत नाहींत. तें सांगणें हेंच क्रीडासंस्थेच्या संग्रहालयाचें खरें कार्य होय. स्पेनमधील बार्सिलोना क्लबानें १९८४ सालीं असें संग्रहालय उघडलें. हा क्लब फुटबॉलसाठीं विख्यात असला, तरी बास्केटबॉल, हँडबॉल इत्यादि खेळांचेहि त्याचे संघ आहेत.

अनेक खेळांना एका छत्राखालीं आणणारी अशीच संस्था म्हणजे १९०६ सालीं स्थापन झालेली पुण्याची डेक्कन जिमखाना. १९१४ सालीं तिनें खोखोचे नियम बांधून दिले. अंगणांतल्या खेळाला नियम लाभले, म्हणजे दूरदूरच्या गांवचे संघ परस्परांशीं सामना खेळूं शकतात. म्हणून नियमांचें जुनें टिपण चषकाइतकेंच मोलाचें. याच संस्थेच्या शर्यतींत अनवाणी धांवणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा यांनीं पुढाकार घेतला, आणि १९२० सालीं सहा खेळाडू बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. मॅरॅथॉनमध्यें फडेप्पा चौगुले १९ वे आले. पदक न मिळवितांहि इतिहास घडतो, तो असा.

मराठवाड्यांतहि अशी परंपरा आहे. लातूर जिल्ह्यांतील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ सालीं महाराष्ट्र केसरी झाले. पुढें पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत त्यांनीं जे मल्ल घडविले, त्यांत बीड जिल्ह्यांतील राहुल आवारे होते. २०११ सालीं वस्ताद निवर्तले. नंतर लातूरकडच्याच काका पवारांनीं आवारे यांना मार्गदर्शन केलें आणि २०१८ सालीं ऑस्ट्रेलियांतील राष्ट्रकुल स्पर्धेंत त्यांनीं सुवर्णपदक जिंकलें. वस्तादांची गदा आणि शिष्याचें पदक निरनिराळ्या कपाटांत ठेविलें, तर त्यांना जोडणारी तालीम दिसतच नाहीं.

म्हणून नांदेड-लातूरच्या तालमींनीं व मंडळांनीं इमारतीची वाट पाहूं नये. प्रथम वह्या शोधाव्या. हजेरीपट, जमाखर्च, सामन्यांचीं हस्तपत्रकें ओलीपासून व वाळवीपासून जपावीं. छायाचित्रामागें नांवें, स्थळ आणि साल शिसपेन्सिलीनें हलकेंच लिहावें. शाई कागदांतून पाझरून चित्र बिघडविते. हें काम वृद्ध खेळाडू हयात आहेत तोंवरच होईल. ते गेल्यावर छायाचित्र उरतें, पण त्यांतील माणसांस ओळखणारें कोणी उरत नाहीं.