घर्षणाचा हिशेब

नवी मोटार पसंत करताना रंग, आसने, पेट्रोलचा खप, परत विकताना येणारी किंमत, इतक्या गोष्टींची खातरजमा करून मगच दस्तऐवजावर सही करणारा चोखंदळ गृहस्थही, तीच मोटार काही वर्षांनी गॅरेजात चाक उतरवलेल्या अवस्थेत उभी असताना "साहेब, पुढचे पॅड संपलेत, कंपनीचे टाकू की बाहेरचे?" असा प्रश्न मेस्त्रीने केला, की "चांगले टाका" एवढे बोलून मोकळा होतो. मेस्त्री मान डोलावतो आणि त्याच्या नेहमीच्या दुकानदाराकडे जे असेल ते आणून बसवतो. यात मेस्त्रीचा दोष फारसा नाही. कारण ब्रेक पॅडच्या बाबतीत 'चांगले' हे विशेषण, कोणत्या कामासाठी, कोणत्या तापमानाला आणि किती काळ, हे सांगितल्यावाचून निरर्थक असते.

मुळात या पॅडवर सोपवलेले काम विलक्षण असते. चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची चकती, तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा कॅलिपर आणि कॅलिपरच्या आत चकतीसमोर बसवलेले दोन पॅड, इतकीच काय ती सामग्री. पायाने पेडल दाबताच ब्रेक ऑइलच्या दाबाने हे पॅड चकतीवर आवळले जातात आणि गाडीची सारी गतिज ऊर्जा घर्षणाच्या द्वारे उष्णतेत रूपांतरित होते. माणसे व सामान धरून बाराशे किलो भरलेली लहान मोटार ताशी ९० किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या ठायी सुमारे पावणेचार लाख ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे लिटरभराहून अधिक थंड पाण्याला उकळी फुटावी इतकी. आणि अचानक थांबायची वेळ आली तर ती चार-पाच सेकंदांत त्या चकत्यांच्या व पॅडच्या माथी येते. वेग निम्मा असता तर ऊर्जा निम्मी न होता एक-चतुर्थांश झाली असती, हा गणिताचा नियम शाळेत सर्वांनीच पाठ केलेला असतो आणि द्रुतगती मार्गावर तो कोणालाच आठवत नाही. शिवाय ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकत असल्यामुळे थांबवण्याच्या कामाचा दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा पुढच्या चाकांवर पडतो. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असण्याचे, तसेच पुढचे पॅड मागच्या लायनरच्या कितीतरी आधी झिजण्याचे हेच कारण.

असा मारा सोसणारा पदार्थ शोधण्यात बराच काळ गेला. इंग्लंडच्या डर्बीशायरमधील चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावी हर्बर्ट फ्रूड नावाच्या कल्पक गृहस्थाने १८९७ साली घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी अस्तर बनवण्याचा उद्योग मांडला. उतारावर गाडीवान लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचे कातडे ठोकतात, हे पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे १९०२ साली लँचेस्टर या अभियंत्याने मोटारीसाठी चकतीच्या ब्रेकचे एकस्व मिळवले खरे, पण धातूवर धातू घासून असा काही कर्कश चीत्कार निघे, की ती योजना अनेक वर्षे बासनात पडून राहिली. उष्णता आणि आवाज या दोन्ही अडचणींवर उतारा सापडला तो ॲस्बेस्टॉसमध्ये. उष्णतेला न जुमानणारे, स्वस्त, मुबलक आणि निःशब्द असे हे खनिज तंतू ब्रेकच्या अस्तरात असे काही रुजले, की निवडीचा प्रश्नच उरला नाही. फ्रूडच्याच 'फेरोडो' या नावाशी निगडित असलेला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना मुंबईत घाटकोपरला दीर्घकाळ होता, हे जुन्या मुंबईकरांना आठवत असेल. परंतु हेच तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन तेथे कायमचे रुततात आणि कर्करोगासारखे दुर्धर आजार निर्माण करतात, हे निर्विवाद सिद्ध झाल्यावर एकेका देशाने त्यांवर बंदी घातली (ब्रिटनने १९९९ साली) आणि त्या एका पदार्थाच्या रिकाम्या गादीवर अनेक दावेदार येऊन बसले. आज दुकानात पॅड निवडावे लागतात ते या वारसाहक्काच्या तंट्यामुळे.

दावेदार मुख्यतः तीन. पहिले सेंद्रिय पॅड, ज्यांत काच, रबर, ॲरामिड यांसारखे तंतू व चूर्ण राळेत घट्ट बांधलेले असतात. हे मऊ, कमी आवाजाचे, थंड असतानाही लगेच पकड घेणारे आणि चकतीवर मायाळू, परंतु तुलनेने लवकर झिजणारे व फार तापल्यास ढेपाळणारे. दुसरे अर्धधात्विक, ज्यांत पोलाद, लोखंड, तांबे अशा धातूंचा अंश साधारण तीस ते पासष्ट टक्के असतो; धातू उष्णता झपाट्याने वाहून नेत असल्याने हे घाटात व जड गाडीत भरवशाचे, मात्र आवाज करणारे, चाकांवर काळी भुकटी फासणारे आणि चकतीला खाणारे. तिसरे सिरॅमिक, ज्यांत सिरॅमिक तंतूंचा वापर असतो. हे शांत, स्वच्छ, दीर्घायुषी आणि महाग. सिरॅमिक या नावाभोवती हल्ली जी प्रतिष्ठेची प्रभावळ निर्माण झाली आहे, ती मला थोडी अवाजवी वाटते. चाके स्वच्छ राहतात व गाडी निमूट थांबते हे खरे. पण तेवढ्यावरून ती कमी अंतरात थांबते असा निष्कर्ष काढणे म्हणजे विक्रेत्याची मखलाशी मान्य करणे होय.

कमी अंतराचा विषय निघालाच आहे, तर पॅडच्या पाठीवर किंवा कडेवर छापलेल्या रोमन लिपीतील मजकुराकडे एकदा पाहावे. अमेरिकी अभियंत्यांच्या संकेतानुसार त्या मजकुराच्या अखेरीस बहुधा दोन अक्षरे असतात, जसे ईई, एफएफ, जीजी. पहिले अक्षर साधारण तापमानातील घर्षणगुणांक सांगते, दुसरे तापल्यानंतरचा. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. रोजच्या वापराच्या गाडीला एफएफ पुरेसा असतो. पहिल्यापेक्षा दुसरे अक्षर खालच्या दर्जाचे असेल, तर तो पॅड तापल्यावर दगा देण्याकडे झुकणारा समजावा. पण ही चाचणी इंचभर चौरस तुकड्यावर घेतलेली असते आणि झीज, आवाज किंवा टिकाऊपणा यांविषयी ती चकार शब्द काढीत नाही. सबब दोन एफएफ पॅड एकाच मोलाचे ठरत नाहीत. याहून वजनदार दाखला म्हणजे युरोपातील आर-९० हा नियम. त्यान्वये बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या पंधरा टक्क्यांच्या आतबाहेरच असावी लागते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हा नियम निकृष्ट पॅडला जसा अटकाव करतो तसाच अतिउत्साही पॅडलाही करतो. कारण पेडलला किती जोर लावला असता गाडी किती थांबते, हा चालकाच्या पायाशी झालेला जुना करार असून तो कोणत्याही बाजूने मोडणे अपायकारकच.

आणि येथेच शर्यतीच्या पॅडचा मोह धरणाऱ्या तरुणांची गफलत होते. ते पॅड काही शे अंश तापल्यावरच आपला प्रताप दाखवतात. सकाळी आठ वाजता सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडून पहिल्याच चौकात शाळकरी मूल आडवे आले, तर ते थंड पॅड साध्या पॅडहूनही कमी पकड देतील. उलट ज्यांना वरचेवर घाट उतरावे लागतात, त्यांनी सर्वांत स्वस्त सेंद्रिय पॅडवर समाधान मानू नये. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी हजार मीटरहून अधिक खाली येते. वर जी बाराशे किलोची मोटार सांगितली, तिच्या हिशेबात ही ऊर्जा ताशी नव्वदच्या वेगावरून तीसहून अधिक वेळा पूर्ण थांबण्याइतकी भरते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरले तर तिच्यातील मोठा वाटा इंजिन आपल्या अंगावर घेते. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंधन वाचवू पाहणारे महाभाग मात्र ती सगळी पॅडच्या खात्यावर टाकतात. मग राळ जळू लागते, तिचा वायू पॅड आणि चकतीच्या मध्ये येतो आणि पेडल घट्ट लागत असूनही गाडी थांबत नाही.

पेडल घट्ट न लागता खोल जाऊ लागले, तर ते दुखणे निराळे, ब्रेक ऑइलचे. हे द्रव्य हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. कोकणातल्या दमट हवेत तर दोन वर्षांची मुदत पाळून ते बदललेले बरे.

आता मूळ प्रश्न: कंपनीचे की बाहेरचे? मोटार बनवणारी कंपनी पॅड सहसा स्वतः बनवीत नाही. ते काम ब्रेक्स इंडिया किंवा राणेसारख्या या विषयाला वाहिलेल्या उत्पादकांकडे असते आणि तेच उत्पादक आपल्या नावाच्या डब्यातही पॅड विकतात. ते बहुधा थोडे स्वस्त पडतात, आणि साध्या वापरासाठी ते बिनधास्त घ्यावेत असे माझे मत आहे, जरी दोन्ही डब्यांतील मिश्रण तंतोतंत एकच असेल अशी हमी कोणी देत नाही. खरा धोका तिसऱ्याच जिनसाचा, म्हणजे प्रख्यात नावाच्या हुबेहूब डब्यातील नकली मालाचा. पुण्याच्या नाना पेठेपासून तालुक्याच्या गावापर्यंत सुट्या भागांच्या दुकानांत प्रामाणिक व्यापारी भरपूर आहेत. तरीही पक्के बिल मागावे, डब्यावरचा आणि पॅडच्या पाठीवरचा क्रमांक ताडून पाहावा, आणि पोलादी पाठीपासून घर्षणद्रव्य कडेला सुटलेले, भेगाळलेले वा फुगलेले दिसले तर किंमत न विचारता परत करावे. निम्म्या भावात मिळणारा नामांकित पॅड नामांकित नसतो.

बदलण्याची वेळ ओळखणे तितकेसे कठीण नाही. नव्या पॅडवर दहा मिलिमीटरच्या आसपास जाडी असते. ती तीनवर आली की तजवीज करावी. बऱ्याच पॅडना एक धातूची पट्टी असते, ती चकतीला टेकून किंचाळू लागते; ही किंचाळी रेडिओचा आवाज वाढवून दडपता येते, आणि तसे करणारे लोक आहेत. एबीएस आपल्याकडे २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले आहे, पण चाक जखडू लागल्यावर पकड सैल करणे हे त्याचे काम. झिजलेल्या पॅडमध्ये नसलेली पकड ते कोठून आणणार?

पॅड एका आसाच्या दोन्ही चाकांना एकदमच बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. चकतीवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली ती गेली असेल, तर नव्या पॅडचे पैसे वाया गेले असे समजावे. बसवून झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत वारंवार दाबले पाहिजे, कारण कॅलिपरमधला मागे सारलेला पिस्टन पॅडपर्यंत यायचा असतो आणि पहिले पाऊल पोकळीतच जाते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर तातडी नसताना कचकन ब्रेक मारू नये. या काळात पॅडचे द्रव्य चकतीवर समरस होते. निघण्यापूर्वी मेस्त्रीकडून जुने पॅड मागून घेऊन उजेडात शेजारी शेजारी धरावेत. एक जाड आणि दुसरा कागदासारखा झालेला, किंवा एकच पॅड तिरका झिजलेला दिसला, तर बहुधा कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या आहेत. त्या साफ करून, उष्णता सोसणारे ग्रीस लावून मोकळ्या केल्याशिवाय नवी जोडीही त्याच वाकड्या मार्गाने जाईल.