दुभंगलेली टाळू आणि उच्चार

नाकातून बोलणाऱ्यास मराठीत 'गेंगाणा' म्हणतात. हा शब्द बहुधा हिणवण्यासाठीच वापरला जातो. परंतु अशा उच्चारामागे कधी कधी जन्मजात शारीरिक दोष असतो. भाषेच्या शिक्षकाने तो समजून घेणे आवश्यक आहे.

गर्भाच्या चेहऱ्याचे भाग निरनिराळे वाढतात आणि नंतर एकमेकांस जुळतात. वरचा ओठ साधारण सातव्या, तर टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत सांधली जाते. हे सांधणे अपुरे राहिल्यास ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेली राहतात. जगात सुमारे ७०० जन्मांमागे एका बालकात हा दोष आढळतो. आनुवंशिकता, गरोदरपणातील धूम्रपान, फेफऱ्यावरील काही औषधे अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. ग्रहणात सुरी हाताळल्याने ओठ फाटतो, ही समजूत हिंदू-मुस्लिम दोन्ही घरांत आढळते. तिला काहीही आधार नाही. उलट तिच्यामुळे सारा दोष विनाकारण आईच्या माथी मारला जातो.

आता उच्चाराकडे वळू. 'प', 'ट', 'क' हे स्पर्शवर्ण उच्चारताना मऊ टाळू वर उचलली जाते, नाकाची वाट बंद होते आणि तोंडात हवेचा दाब निर्माण होतो. टाळू दुभंगलेली असल्यास ही हवा नाकातून निसटते. त्यामुळे 'बाबा' हा शब्द 'मामा'सारखा ऐकू येतो. 'म', 'न' हे वर्ण मुळातच अनुनासिक असल्याने फारसे बिघडत नाहीत. अशा मुलांच्या मध्यकर्णात द्रव साचून ऐकूही कमी येऊ शकते. म्हणजे दोष जिभेचा नव्हे, बुद्धीचा तर नव्हेच.

ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः ३ ते ६ महिन्यांच्या, टाळूची ९ ते १८ महिन्यांच्या वयात करतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या दोषाची तपासणी व मोफत उपचार समाविष्ट आहेत. मात्र टाळू शिवली म्हणजे उच्चार आपोआप सुधारतो असे नाही. त्यासाठी वाचा-उपचार लागतात आणि नेमके तेच अनेकदा राहून जातात.

असा विद्यार्थी वर्गात गप्प बसतो, तोंडी परीक्षा टाळतो. त्याला पुढच्या बाकावर बसवावे, बोलण्यास पुरेसा वेळ द्यावा, गुण आशयावर द्यावेत आणि वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जाण्याचा सल्ला एकांतात द्यावा. एवढे आपल्या हाती निश्चितच आहे.